गॅरी किल्डॉल

गॅरी आर्लेन किल्डॉल (जन्म : १९ मे १९४२, सिॲटल, वॉशिंग्टन, मृत्यू : ११ जुलै १९९४, माँटेरे, कॅलिफोर्निया) हे अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ, प्राध्यापक आणि उद्योजक होते. लहान संगणकांसाठीची सीपी/एम ही कार्यप्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम, त्यांनी १९७४ मध्ये तयार केली. डिजिटल रिसर्च या कंपनीचे ते संस्थापक होते. एका निर्मात्याच्या संगणकासाठी लिहिलेली आज्ञावली दुसऱ्या निर्मात्याच्या संगणकावर जशीच्या तशी चालावी, ही आज स्वाभाविक वाटणारी अपेक्षा लहान संगणकांच्या क्षेत्रात प्रथम मोठ्या प्रमाणावर पूर्ण केली ती किल्डॉल यांच्या रचनेने. याच रचनेमुळे पुढे त्यांच्या ग्राहकांना सीपी/एम सोडून दुसऱ्या प्रणालीकडे जाणेही सोपे झाले. त्यांच्या व्यावसायिक आयुष्यातील यश आणि अपयश या दोहोंचे मूळ या एकाच गोष्टीत सापडते.

प्रारंभिक जीवन आणि शिक्षण

किल्डॉल कुटुंब मूळचे नॉर्वेजियन वंशाचे. आजोबांनी सिॲटलमध्ये नौकानयनशास्त्र शिकवणारी शाळा काढली होती आणि वडील जोसेफ किल्डॉल तीच शाळा चालवीत. शालेय शिक्षण संपल्यावर गॅरी यांनीही काही काळ तेथे अध्यापन केले. गणिताचा शिक्षक व्हावे या हेतूने त्यांनी वॉशिंग्टन विद्यापीठात प्रवेश घेतला. परंतु तेथे संगणकाशी गाठ पडली आणि त्यांचा मार्ग बदलला. १९६३ मध्ये त्यांचा विवाह डोरोथी मॅकएवन यांच्याशी झाला. या दांपत्याला एक मुलगा व एक मुलगी झाली.

लष्करी सेवेचा काळ त्यांनी युद्धनौकेवर नव्हे, तर वर्गात घालवला. माँटेरे येथील नौदलाच्या पदव्युत्तर विद्यालयात ते संगणकशास्त्र शिकवू लागले आणि सेवा संपल्यानंतरही तेथेच प्राध्यापक म्हणून राहिले. १९७२ मध्ये त्यांना वॉशिंग्टन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली. कंपायलरने तयार केलेली आज्ञावली अधिक कार्यक्षम कशी करता येईल, हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. या संशोधनावर आधारित, १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निबंध आज्ञावलीतील माहितीच्या प्रवाहाच्या विश्लेषणाचा पाया मानला जातो. कंपायलर शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना किल्डॉल यांचे नाव आजही प्रथम या संदर्भात भेटते. कार्यप्रणालीच्या प्रसिद्धीपुढे हे काम काहीसे झाकोळले गेले आहे.

मायक्रोप्रोसेसर आणि पीएल/एम

इंटेल कंपनीने १९७१ मध्ये ४००४ हा मायक्रोप्रोसेसर बाजारात आणला, तेव्हा बहुतेक अभियंत्यांच्या दृष्टीने तो गणकयंत्रात किंवा वाहतुकीच्या दिव्यांत बसवण्याचा एक सुटा भाग होता. किल्डॉल यांनी त्यात संपूर्ण संगणक पाहिला. त्यांनी मोठ्या संगणकावर या चिपचे अनुकरण करणारी आज्ञावली लिहिली, चिपसाठी गणिती कार्यांची साधने तयार केली आणि त्या ओळखीतून ते इंटेलचे सल्लागार झाले. आठवड्यातील बाकीचे दिवस अध्यापन आणि एक दिवस इंटेल, असा त्यांचा क्रम होता.

इंटेलसाठी त्यांनी १९७३ मध्ये पीएल/एम ही भाषा व तिचा कंपायलर तयार केला. मायक्रोप्रोसेसरसाठी उच्चस्तरीय भाषा वापरता येते, हे या कामाने दाखवून दिले. मात्र हा कंपायलर स्वतः मोठ्या संगणकावर चालत असे. ज्या यंत्रासाठी आज्ञावली लिहायची, त्याच यंत्रासमोर बसून ती लिहिता यावी, तपासता यावी आणि साठवता यावी, ही किल्डॉल यांची पुढची गरज होती.

सीपी/एमची निर्मिती

त्या काळी लहान संगणकांत माहिती कागदी छिद्रपट्टीवर साठवली जाई. ती वाचण्यास बराच वेळ लागे आणि मधली एक ओळ दुरुस्त करायची तर संपूर्ण पट्टी पुन्हा छिद्रावी लागे. फ्लॉपी डिस्कची यंत्रणा नुकतीच आली होती, पण ती सामान्य संशोधकाच्या आवाक्याबाहेर होती. किल्डॉल यांनी शुगार्ट कंपनीकडून चाचण्यांत वापरून झिजलेली आठ इंची फ्लॉपीची यंत्रणा मिळवली. ती मायक्रोप्रोसेसरला जोडण्यासाठी लागणारे इलेक्ट्रॉनिक मंडल बनवण्याचे त्यांचे स्वतःचे प्रयत्न फसले. अखेर वॉशिंग्टन विद्यापीठापासूनचे त्यांचे स्नेही जॉन टोरोड यांनी ते मंडल तयार केले. १९७४ मध्ये पॅसिफिक ग्रोव्ह येथील घरामागच्या अवजारांच्या खोलीत ही जुळणी प्रथम चालली आणि किल्डॉल यांनी लिहिलेली डिस्क हाताळणारी प्रणाली प्रत्यक्षात आली. तिचे नाव सीपी/एम. प्रारंभीच्या प्रणालीचा बराच भाग त्यांनी स्वतःच्याच पीएल/एम भाषेत लिहिला होता.

इंटेलला ही प्रणाली विकत घेण्यात रस वाटला नाही. पीएल/एम कंपनीने ठेवून घेतली आणि सीपी/एमचे हक्क किल्डॉल यांच्याकडेच राहिले. नाणे टाकल्यावर ग्राहकाचे भविष्य छापून देणारे एक ज्योतिषयंत्र याच सुमारास तयार झाले होते. त्याची आज्ञावली किल्डॉल यांनी लिहिली आणि ती लिहिताना त्यांच्या नव्या साधनांची चांगलीच कसोटी लागली. ते यंत्र बाजारात चालले नाही. १९७५ पासून ओमरॉन कंपनी आणि लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळा यांच्यासारखे पहिले गंभीर वापरकर्ते सीपी/एमला मिळाले. दांपत्याने स्थापन केलेल्या कंपनीचे आरंभीचे नाव इंटरगॅलॅक्टिक डिजिटल रिसर्च असे होते. पुढे त्यातील पहिला शब्द गळला. व्यवहाराची बाजू डोरोथी सांभाळीत. टपालाने मागवल्यास सीपी/एमची प्रत ७० डॉलरला मिळे.

यंत्रापासून प्रणालीची फारकत

एमसाय या कंपनीने आपल्या संगणकासाठी सीपी/एम मागितली, तेव्हा किल्डॉल यांच्यापुढे एक कंटाळवाणे काम उभे राहिले. प्रत्येक नव्या निर्मात्याच्या डिस्क-यंत्रणेसाठी संपूर्ण प्रणालीत जागोजागी बदल करावे लागत. हे वारंवार करणे टाळण्यासाठी त्यांनी १९७६ च्या सुमारास प्रणालीची नव्याने विभागणी केली. तिचे तीन भाग झाले. पहिला भाग वापरकर्त्याने टंकलिहिलेल्या आज्ञा वाचणारा, दुसरा फाइलींचा व्यवहार पाहणारा आणि तिसरा प्रत्यक्ष यंत्राशी बोलणारा. या तिसऱ्या भागाला त्यांनी बायोस हे नाव दिले.

बायोसमध्ये दीड डझनाच्या आसपास छोटी कार्ये होती : कळफलकावरून एक अक्षर घेणे, पडद्यावर एक अक्षर पाठवणे, डिस्कवरील ठरावीक ठिकाणी जाणे, तेथील मजकूर वाचणे वा लिहिणे, इत्यादी. नवा संगणक बनवणाऱ्याने एवढीच कार्ये आपल्या यंत्रासाठी लिहायची. उरलेल्या दोन भागांना हात लावण्याची गरज नव्हती. आज्ञावली लिहिणाऱ्याच्या बाजूने पाहिले, तर हे त्याहून सोपे होते. हव्या असलेल्या कामाचा क्रमांक प्रोसेसरच्या एका रजिस्टरमध्ये ठेवायचा आणि मेमरीतील पाचव्या पत्त्याला हाक द्यायची. डिस्क कोणाची, पडदा कोणता, याची चौकशी त्याने करायची नाही.

याचा परिणाम मोठा झाला. १९७७ मध्ये एमसायने २५,००० डॉलर देऊन सीपी/एमचा परवाना घेतला आणि त्यानंतर इंटेल ८०८० व झायलॉग झेड८० या प्रोसेसरांवरील संगणक बनवणाऱ्या कंपन्यांची रीघ लागली. १९७८ मध्ये आलेला वर्डस्टार हा शब्दसंपादक आणि नंतरची डीबेस टू ही माहितीसंच हाताळणारी आज्ञावली सीपी/एमवरच वाढली. १९८१ मध्ये बाजारात आलेला उचलून नेता येण्याजोगा ऑस्बर्न वन हा संगणक सीपी/एम आणि वर्डस्टारसह विकला जाई. ॲपल टू या संगणकातील प्रोसेसर वेगळ्या कुळातला असल्याने त्यावर सीपी/एम चालणे शक्य नव्हते. त्यासाठी १९८० मध्ये झेड८० प्रोसेसर बसवलेले एक कार्ड निघाले. ते संगणकात खोचले आणि सीपी/एमची फ्लॉपी घालून यंत्र सुरू केले, की ॲपलचा मालक सीपी/एमचा वापरकर्ता होई. दुसरी फ्लॉपी घातली की पुन्हा ॲपलच्या मूळ प्रणालीत. हे कार्ड विकणारी कंपनी होती मायक्रोसॉफ्ट, आणि त्यासाठी तिने डिजिटल रिसर्चकडून रीतसर परवाना घेतला होता.

सीपी/एमसोबतची साधने

सीपी/एमची लोकप्रियता केवळ तिच्या अंतर्रचनेवर उभी नव्हती. फ्लॉपीवर प्रणालीसोबत येणाऱ्या छोट्या उपयोगी आज्ञावल्या हेही तिचे बलस्थान होते. पिप ही आज्ञावली फाइलींच्या नकला करी. एका डिस्कवरून दुसरीवर, डिस्कवरून छपाईयंत्रावर, अनेक फाइली जोडून एकीत, असे सारे काम ती एकटी करी. स्टॅट डिस्कवरील मोकळी जागा व फाइलींचे आकार सांगे. एड हा ओळीओळीने मजकूर दुरुस्त करणारा संपादक होता. त्याच्या तुटक आज्ञा पाठ होईपर्यंत नवशिक्याची परीक्षा पाही. एएसएम हा असेंब्लर, डीडीटी हे आज्ञावलीतील दोष पावलापावलाने शोधण्याचे साधन आणि सबमिट हे अनेक आज्ञा एका फाइलीत लिहून ओळीने पार पाडण्याचे साधन होते. पिप आणि डीडीटी ही नावे डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या मोठ्या संगणकांवरून घेतलेली होती आणि आज्ञांची धाटणीही बरीचशी तिकडचीच होती. उसनवारीच्या पुढील वादाचा विचार करताना ही गोष्ट नजरेआड करता येत नाही.

प्रणालीत उणिवाही होत्या. यंत्र सुरू असताना फ्लॉपी बदलली आणि कंट्रोल-सी दाबून प्रणालीला तशी वर्दी दिली नाही, तर नव्या फ्लॉपीवर लिहिण्यास ती नकार देई आणि हातातले काम वाया जाण्याचा संभव असे. आठ इंची फ्लॉपीची एक सर्वमान्य मांडणी होती व तीवर सुमारे अडीच लाख अक्षरे मावत. परंतु सव्वापाच इंची फ्लॉपी आल्यावर प्रत्येक निर्मात्याने आपली वेगळी मांडणी काढली. आज्ञावली दोन्ही यंत्रांवर चालण्याजोगी, पण एका यंत्राची फ्लॉपी दुसऱ्याला वाचता येत नाही, अशी विचित्र अडचण उद्भवली. तिच्यावरचा तोडगा कंपनीकडून नव्हे, वापरकर्त्यांकडून आला. शिकागोचे वॉर्ड क्रिस्टेन्सेन यांनी १९७७ मध्ये सीपी/एमसाठी लिहिलेल्या मोडेम या आज्ञावलीतून एक्समोडेम ही फाइल पाठवण्याची पद्धत निघाली. तारेने जोडलेल्या दोन यंत्रांत किंवा दूरध्वनीवरून फाइली बिनचूक नेता येऊ लागल्या. वापरकर्त्यांची मंडळे अशा मुक्त आज्ञावल्यांच्या फ्लॉपी एकमेकांत वाटत. काहींनी तर किल्डॉल यांचा आज्ञा वाचणारा भाग बाजूला काढून त्याजागी झेडसीपीआर हा अधिक सोयीचा भाग बसवला. प्रणाली सुट्या भागांची असल्यामुळेच हे शक्य झाले.

आयबीएम प्रकरण

१९८० मध्ये आयबीएमला आपल्या नियोजित वैयक्तिक संगणकासाठी कार्यप्रणाली हवी होती. कंपनीचे प्रतिनिधी पॅसिफिक ग्रोव्हला आले त्या सकाळी किल्डॉल स्वतःचे विमान घेऊन दुसऱ्या ग्राहकाच्या कामासाठी गेले होते. आयबीएमने चर्चेपूर्वी गोपनीयतेचा करार पुढे केला. तो एकतर्फी असल्याने वकिलाच्या सल्ल्यावरून डोरोथी यांनी सही केली नाही. दुपारी किल्डॉल परतल्यावर काय झाले, याविषयी दोन्ही बाजूंच्या हकिकती जुळत नाहीत. किल्डॉल यांच्या म्हणण्यानुसार बोलणी झाली होती. आयबीएमच्या काही अधिकाऱ्यांना त्यांची भेट झाल्याचे आठवत नाही. विमान उडवण्याच्या हौसेपायी त्यांनी शतकातील सर्वांत मोठा व्यवहार गमावला, ही लोकप्रिय कथा मात्र उपलब्ध माहितीशी विसंगत आहे. ते कामासाठीच गेले होते आणि वाटाघाटी प्रामुख्याने किंमत व परवान्याच्या स्वरूपावर अडल्या. आयबीएमला एकरकमी परवाना हवा होता, तर प्रत्येक प्रतीमागे मोबदला ही डिजिटल रिसर्चची रीत होती.

आयबीएम मायक्रोसॉफ्टकडे वळली. मायक्रोसॉफ्टकडे त्या वेळी स्वतःची अशी प्रणाली नव्हती. सिॲटल कॉम्प्युटर प्रॉडक्ट्स या छोट्या कंपनीत टिम पॅटर्सन यांनी इंटेल ८०८६ प्रोसेसरसाठी एक प्रणाली लिहिली होती, कारण त्या प्रोसेसरवरील सीपी/एम निघायला विलंब होत होता. मायक्रोसॉफ्टने ती प्रथम परवान्याने आणि १९८१ मध्ये सर्व हक्कांसह विकत घेतली. सीपी/एमच्या आज्ञावल्या नव्या प्रोसेसरवर सहज आणता याव्यात, असा पॅटर्सन यांचा उघड हेतू होता. त्यामुळे कामांचे क्रमांक, फाइलीच्या नावाची आठ अधिक तीन अक्षरांची मर्यादा, डिस्कना दिलेली ए, बी ही अक्षरे, फाइलीची माहिती ठेवण्याचा तक्ता, या सर्व बाबतींत नवी प्रणाली सीपी/एमच्या वळणावर गेली. पडद्यावर मजकूर दाखवण्याचे काम दोन्हीकडे नवव्या क्रमांकाचे होते आणि मजकुराचा शेवट दोन्हीकडे डॉलरच्या चिन्हाने दाखवावा लागे. आतील फाइलींची साठवण मात्र पॅटर्सन यांनी वेगळ्या पद्धतीने केली होती.

१२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएम पीसी जाहीर झाला. त्याआधी त्यातील पीसी-डॉसचे स्वरूप पाहून किल्डॉल यांनी आक्षेप घेतला होता. न्यायालयात जाण्याचा पर्याय त्यांच्यापुढे होता. पण सॉफ्टवेअरच्या स्वामित्वाचा कायदा तेव्हा अस्पष्ट होता आणि प्रतिपक्ष आयबीएम होता. तडजोड अशी ठरली, की आयबीएमने सीपी/एम-८६ हीदेखील ग्राहकांना उपलब्ध करून द्यावी आणि डिजिटल रिसर्चने दावा करू नये. प्रत्यक्षात दोन्ही प्रणाली विक्रीस आल्या तेव्हा पीसी-डॉसची किंमत ४० डॉलर आणि सीपी/एम-८६ ची २४० डॉलर होती. एवढ्या फरकानंतर ग्राहकाची निवड ठरल्यासारखीच होती.

सीपी/एमच्या वापरकर्त्याला डॉसकडे जाताना फार थोडे नव्याने शिकावे लागले. पिपमध्ये आधी नव्या फाइलीचे नाव लिहून मग मूळ फाइलीचे लिहावे लागे. डॉसच्या कॉपी आज्ञेत हा क्रम उलटा झाला आणि सवयीने जुन्या क्रमाने लिहिणाऱ्यांचा गोंधळ उडे. डीआयआर, टाइप या आज्ञा तशाच राहिल्या. वर्डस्टार आणि डीबेस टू थोड्याच काळात नव्या यंत्रावर आल्या. आज्ञावलीकारांना मूळ रचना फारशी मोडावी लागली नाही. वापरकर्ता ज्या साधनांसाठी सीपी/एमवर टिकून होता, तीच साधने डॉसवर मिळू लागल्यावर त्याला मागे राहण्याचे कारण उरले नाही. किल्डॉल यांनी यंत्र बदलण्याची मुभा देणारी जी सीमारेषा आखली होती, तिच्यामागची प्रणालीही आता बदलता आली.

डिजिटल रिसर्चचा उत्तरकाळ

डिजिटल रिसर्च यानंतर लगेच कोसळली नाही. एकाच वेळी अनेक वापरकर्त्यांना आणि अनेक कामांना वाव देणारी एमपी/एम ही प्रणाली कंपनीने १९७९ मध्येच काढली होती. पुढे एका पीसीवर अनेक कामे एकाच वेळी चालवणारी कन्करंट सीपी/एम आली. तांत्रिकदृष्ट्या ही प्रणाली तत्कालीन डॉसच्या पुढे होती. बाजाराने तिची दखल बेताचीच घेतली. १९८५ मध्ये जेम हे चित्रमय आवरण बाजारात आले. मॅकिंटॉशशी साम्य असल्याच्या ॲपलच्या तक्रारीमुळे पीसीवरील जेममधून काही सोयी काढून टाकाव्या लागल्या. अटारी एसटी या संगणकावर मात्र ते मूळ रूपात राहिले.

१९८८ मध्ये कंपनीने डीआर-डॉस बाजारात आणली. चक्र पूर्ण उलटे फिरले होते. आता डिजिटल रिसर्चची प्रणाली एमएस-डॉसच्या आज्ञावल्या जशाच्या तशा चालवीत होती. १९९० च्या पाचव्या आवृत्तीत आज्ञावल्यांसाठी जास्त मेमरी मोकळी करून देण्याची सोय होती आणि तिच्यासाठी अनेकांनी मायक्रोसॉफ्टची प्रणाली सोडली. पुढच्याच वर्षी एमएस-डॉसच्या पाचव्या आवृत्तीतही तशी सोय आली. त्याच वर्षी, १९९१ मध्ये, नॉव्हेल कंपनीने डिजिटल रिसर्च विकत घेतली.

विश्वकोश आणि दूरचित्रवाणी

किल्डॉल यांचे मन व्यवसायापेक्षा नव्या कल्पनांत अधिक रमे. मुलांना संगणकाची ओळख व्हावी म्हणून त्यांनी डॉक्टर लोगो ही भाषाप्रणाली तयार केली. १९८४ मध्ये सहकारी टॉम रोलँडर यांच्यासह त्यांनी ॲक्टिव्हेंचर ही कंपनी काढली. तिचे नाव नंतर नॉलेजसेट झाले. तिने ग्रोलिए प्रकाशनाचा अनेक खंडांचा विश्वकोश एका सीडी-रॉमवर आणला. १९८५ मधील ही आवृत्ती सीडी-रॉमवरील पहिला विश्वकोश होय. एखादा शब्द टंकून तो जेथे जेथे आला आहे त्या सर्व नोंदी क्षणात समोर आणण्याची सोय तीत होती.

१९८३ पासून १९९० पर्यंत ते कॉम्प्युटर क्रॉनिकल्स या दूरचित्रवाणी कार्यक्रमात स्ट्युअर्ट शेफे यांचे सहनिवेदक होते. नव्या यंत्रांविषयी शांतपणे, नेमके प्रश्न विचारणारा हा प्राध्यापक अमेरिकेतील प्रेक्षकांना परिचित झाला. प्रतिस्पर्ध्यांची उत्पादनेही ते या कार्यक्रमात निर्विकारपणे तपासत.

अखेरची वर्षे आणि मृत्यू

१९८३ मध्ये डोरोथी व गॅरी यांचा घटस्फोट झाला. त्यांचा दुसरा विवाहही टिकला नाही. कंपनी विकल्यानंतर ते टेक्सासमधील ऑस्टिनजवळ राहायला गेले. आयबीएम प्रकरणाची विपर्यस्त कथा आयुष्यभर त्यांची पाठ सोडत नव्हती आणि तिने ते व्यथित होत. या काळात मद्यपानानेही त्यांना ग्रासले. १९९३ मध्ये त्यांनी आत्मचरित्राचा मसुदा लिहून निवडक स्नेह्यांना दिला. त्यात डॉसविषयीचा आपला आरोप त्यांनी कोणताही आडपडदा न ठेवता मांडला आहे. ८ जुलै १९९४ रोजी माँटेरे येथील एका उपाहारगृहात त्यांच्या डोक्याला दुखापत झाली. ती कशी झाली, हे निश्चित झालेले नाही. तीन दिवसांनी, वयाच्या ५२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. सिॲटलमध्ये त्यांचे दफन करण्यात आले.

मृत्यूनंतर

१९९५ मध्ये अमेरिकेतील सॉफ्टवेअर प्रकाशकांच्या संघटनेने त्यांचा मरणोत्तर गौरव केला. डीआर-डॉसचे हक्क पुढे कॅल्डेरा कंपनीकडे गेले. तिने मायक्रोसॉफ्टविरुद्ध १९९६ मध्ये दाखल केलेला स्पर्धाविषयक दावा २००० मध्ये तडजोडीने मिटला. सीपी/एम व डॉस यांच्या नात्याविषयीचा वाद २००४ मध्ये एका पुस्तकामुळे पुन्हा पेटला आणि पॅटर्सन यांनी लेखकावर बदनामीचा दावा लावला. २००७ मध्ये न्यायालयाने तो फेटाळला.

२०१४ मध्ये आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेने पॅसिफिक ग्रोव्हमधील लाइटहाउस मार्गावरील डिजिटल रिसर्चच्या जुन्या इमारतीपुढे स्मृतिफलक बसवला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातील कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियमने सीपी/एमच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांची मूळ आज्ञावली अभ्यासकांसाठी खुली केली आणि २०१६ मध्ये कुटुंबीयांच्या संमतीने आत्मचरित्राचा पहिला भाग प्रसिद्ध केला. हौशी मंडळी आजही झेड८० प्रोसेसर विकत घेऊन घरी संगणक जुळवतात, त्यासाठी दीड डझन कार्यांचा बायोस लिहितात आणि त्यावर १९७९ ची सीपी/एम २.२ सुरू करतात.